पिकल्ससाहेबांचे तीन तास

रावसाहेबांची आणि शेजारच्या गोऱ्या म्हाताऱ्याची ओळख झाली ती भांडणानं. न्यूझीलंडमध्ये, ऑकलंडच्या माउंट रॉस्किलला, हिल्सबरोकडचा चढ सुरू होतो तिथे रावसाहेबांच्या मुलानं, शार्दूलनं, भाड्यानं घेतलेलं घर. मागच्या अंगणाला लाकडी कुंपण, आणि कुंपणावरून अलीकडे लोंबणारी फेजोआची एक फांदी. फेजोआ म्हणजे इथलं फळ. हिरवं, अंड्याएवढं, पेरूची मावसबहीण म्हणावी अशा चवीचं. फांदी आपल्या बाजूला म्हणजे फळ आपलं, एवढा साधा विचार करून रावसाहेब स्टुलावर चढले आणि दहा-बारा फळं ओरबाडून मोकळे झाले. तेवढ्यात कुंपणापलीकडून एक पांढरं डोकं वर आलं.

“अहो, ती तोडायची नसतात,” ते डोकं इंग्रजीत म्हणालं. “पिकली की आपली आपण खाली पडतात. मग उचलायची.”

“फांदी आमच्या हद्दीत आहे,” रावसाहेबांनी त्याच भाषेत ठणकावलं. इंग्रजी तोडकंमोडकं, पण हद्दीच्या बाबतीत हा माणूस जन्मात कधी अडखळला नाही.

“फळं तुमचीच. कच्ची खाऊन पोटही तुमचंच दुखेल, म्हणून सांगितलं.”

आणि दुखलं हो! दुसऱ्या दिवशी वनिताबाईंनी ओवा हातावर ठेवता ठेवता नवऱ्याची यथेच्छ हजेरी घेतली. “सत्तरी उलटली, परक्या देशात येऊन लोकांची झाडं झोडपताय. लाज कशी वाटत नाही?” नऊ वर्षांची नात स्वानंदी हसत सुटली. तिला मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र इंग्रजीत. “आजोबा, ही इज मिस्टर पिकल्स. ही इज हीप्स नाइस!” म्हणजे इथल्या पोरांच्या भाषेत, फारच चांगला.

“पिकल्स? म्हणजे लोणचं ना गं?” रावसाहेबांचा चेहरा पोटदुखीतही खुलला. त्या दिवसापासून घरात त्या माणसाचं नाव लोणचेसाहेब पडलं.

लोणचेसाहेबांचं ध्यान बघण्यासारखं होतं. वय पंचाहत्तर. कोपरावर ठिगळ लावलेलं स्वेटर, थंडीतही पायात जँडल्स, म्हणजे आपल्या रबरी चपला. गाडी नाही, बसनं फिरायचे. घरात दुसरं माणूस नाही, एक लठ्ठ मांजर तेवढं. कुठल्यातरी कचेरीतला कारकून असणार, असं रावसाहेबांनी ठरवून टाकलं. मग एका रविवारी शार्दूल सहज म्हणाला, “बाबा, ते बँकर होते. लंडनचे. फॉरेन एक्स्चेंज. आमच्या धंद्यातले फार जुने.”

“बँकर? ह्या अवतारात?” रावसाहेब म्हणाले. आणि तिथून त्यांचं डोकं भणभणायला लागलं.

त्याला कारणही होतं. रावसाहेब एस.टी.तले. स्वारगेटला एकतीस वर्षं वाहतूक नियंत्रक. गाडी किती वाजता फलाटाला लागली, किती वाजता सुटली, सगळं मिनिटासकट लिहायचं. निवृत्त होऊन तेरा वर्षं झाली तरी मनगटावरचं घड्याळ सुटलं नव्हतं, मनातलं तर नाहीच. सिद्धी, म्हणजे सून, कोपऱ्यावरच्या डेअरीतून दूध आणायला गेली तरी हे म्हणणार, “चार वाजून बारा मिनिटांनी गेली, अजून पत्ता नाही.” वनिताबाई म्हणायच्या, “अहो, सून आहे ती, लालपरी नव्हे!”

तर ह्या नियंत्रकाच्या नजरेनं एक गोष्ट टिपली होती. लोणचेसाहेबांच्या स्वयंपाकघरातला दिवा एरवी सातच्या आत कधी लागत नसे. सोमवारी मात्र पहाटे पाचला लागायचा. न चुकता. रावसाहेबांना चारलाच जाग यायची, त्यामुळे ह्यात चूक व्हायचा प्रश्नच नव्हता. चार सोमवार त्यांनी कळ काढली आणि पाचव्या सोमवारी कुंपणापाशी जाऊन विचारलंच. “तुम्ही सोमवारीच का उठता?”

“आत या, चहा टाकतोय,” म्हातारा म्हणाला.

त्या स्वयंपाकघरात, दुधाच्या फिक्या चहावर, रावसाहेबांना जे ऐकायला मिळालं ते ऐकून त्यांची मतीच गुंग झाली.

लोणचेसाहेबांनी सांगितलं ते असं. देशोदेशीच्या पैशांचा एक बाजार असतो. डॉलर, पौंड, येन, सगळे तिथे एकमेकांत बदलले जातात. शुक्रवारी संध्याकाळी न्यूयॉर्क बंद झालं की तो झोपतो. मग दोन दिवस जगात काय वाट्टेल ते घडतं. कुठे सरकार पडतं, कुठे भूकंप होतो, कुठे लढाई पेटते. आणि सोमवार आधी उजाडतो तो न्यूझीलंडमध्ये. लंडनला तेव्हा अजून रविवारच असतो. जगातल्या सगळ्यांना एकच गोष्ट हवी असते. एवढं सगळं झालं, आता डॉलर केवढ्याला? ते कोणालाच ठाऊक नसतं. पण कोणीतरी पहिला आकडा बोलायला तर हवा.

“तो तुम्ही बोलायचात?” रावसाहेबांचा कप हातातच राहिला.

“मी एकटा नाही. ह्या देशात आम्ही पाच-सहा जण असू. सत्तावीस वर्षं. पाचला उठायचं, बस पकडायची, सहाला टेबलावर. फोन वाजला की भाव सांगायचा. आणि एक नाही सांगायचा, दोन. एवढ्याला घेईन, एवढ्याला देईन. समोरच्याला घ्यायचंय की विकायचंय हे तो सांगत नाही, आपण विचारायचं नाही. तो जे म्हणेल ते कबूल. शब्द तोंडातून गेला की सौदा झाला. कागद मागाहून.”

“आणि नाही सांगितला भाव तर?”

“मग पुढच्या वेळी कोणी फोन करत नाही. आमच्या धंद्यात चुकलेलं चालतं हो. विचारल्यावर गप्प बसलेलं चालत नाही.”

रावसाहेब त्या ठिगळाच्या स्वेटरकडे बघत राहिले. त्यांनी स्वतः एकतीस वर्षं पहाटे पावणेपाचची पहिली गाडी सोडली होती. रिकाम्या फलाटावर, प्रवासी येतील की नाही ह्याची खात्री नसताना, शिट्टी मारून गाडी सोडायची म्हणजे काय, हे त्यांना ठाऊक होतं. पण ती गाडी जायची साताऱ्याला. ह्या माणसानं अख्ख्या जगाची पहिली गाडी सोडली होती, आणि गल्लीत कोणाला पत्ता नव्हता. बाप रे बाप!

“आता सोमवारी उठून काय करता?”

“बातम्या ऐकतो. मनाशी भाव ठरवतो आणि मोठ्यानं म्हणतो. मग फोनवर बघतो, खरा किती निघाला.”

“बरोबर येतो?”

“ते मांजराला विचारा.”

घरी येऊन रावसाहेबांनी वनिताबाईंना सगळं सांगितलं, आणि शेवटी बजावलं, “आजपासून लोणचेसाहेब म्हणायचं नाही. पिकल्ससाहेब म्हणायचं.” वनिताबाई म्हणाल्या, “नाव तुम्हीच ठेवलं होतं.”

पुढे दर सोमवारी पहाटे रावसाहेब तिकडे. घड्याळाला घड्याळ भेटलं होतं, दुसरं काय! हळूहळू सगळा माणूस उलगडला. वडील उत्तर इंग्लंडात हल नावाच्या बंदरावर मासे उतरवणारे हमाल. पोरगा सोळाव्या वर्षी शाळा सोडून लंडनच्या एका बँकेत टपाल वाटायला लागला. बहात्तर साली इंग्लंडनं पौंडाचा बांधलेला भाव सोडून दिला, तो रोज वर-खाली व्हायला लागला, आणि बँकांना भराभर हिशेब करणारी माणसं कमी पडायला लागली. टपाल वाटता वाटता ह्या पोराचे तोंडी हिशेब कोणीतरी ऐकले होते. त्याला थेट सौद्यांच्या खोलीत बसवलं. एका माणसापुढे सहा फोन, सगळे एकदम वाजणारे, समोर आरडाओरडा. दहा वर्षांत पोरगा त्या खोलीचा मुख्य झाला. कॉलेजचं तोंड न पाहिलेला हमालाचा मुलगा! रावसाहेबांना हे ऐकताना अंगावर मूठभर मांस चढायचं, जसा काही आपल्याच भावकीतला कोणी मोठा झाला.

“मग एवढं सोडून इकडे कशाला आलात?” त्यांनी एकदा विचारलं.

“ते नंतर कधीतरी,” पिकल्ससाहेब म्हणाले आणि मांजराला दूध घालायला उठले. रावसाहेबांनीही मग जास्त खोदलं नाही.

मे महिन्यातला तो सोमवार. शार्दूल दुपारी चारलाच घरी आला. चेहरा उतरलेला. बॅग कोचावर टाकून तो खाली मान घालून बसला. सिद्धी घरूनच काम करत होती, ती धावत बाहेर आली.  मग एकदम सगळं बाहेर पडलं.

शार्दूल एका छोट्या कंपनीत कॉम्प्युटरचं काम बघायचा. लोकांना परदेशी पैसे पाठवायचे असले की ती कंपनी त्यांना भाव देते, आणि ते भाव स्क्रीनवर दाखवण्याची यंत्रणा शार्दूलची. शनिवारी घरी बसून त्यानं ती तपासली होती. तपासायला म्हणून खोटे भाव भरले होते. आणि ते काढायला विसरला. सोमवारी सकाळी बाजार उघडला आणि बावीस मिनिटं कंपनी त्या खोट्या भावानं सौदे करत राहिली. शार्दूलच्या लक्षात आलं, त्यानं गुपचूप खरे भाव चढवले. कोणाला दिसलं नाही. दुपारी हिशेबात मोठा खड्डा निघाला.

“आणि सकाळी सौद्यांच्या टेबलावर नील होता,” शार्दूल म्हणाला. “तो पापाकुराहून ट्रेननं येतो ना, तो नवीन मुलगा. चोवीस वर्षांचा आहे. सगळ्यांना वाटतंय त्यानंच भाव चुकीचे टाकले. तो म्हणतोय, स्क्रीनवर हेच होते. पण आता स्क्रीनवर बरोबर आहेत. उद्या नऊला त्याला बोलावलंय. काढणार त्याला.”

 काय पणाला लागलंय ते सगळ्यांना ठाऊक होतं. शार्दूलचा व्हिसा ह्याच नोकरीला बांधलेला. नोकरी गेली की काही महिन्यांत गाशा गुंडाळायचा. स्वानंदीची शाळा, सिद्धीचं काम, सहा वर्षांत उभं केलेलं सगळं.

“नीलला पीआर आहे, इथे कायम राहायचा परवाना,” शार्दूल पुटपुटला. “त्याला इथे दुसरीकडे मिळेल.”

रावसाहेबांनी घड्याळ बघितलं. चार वाजून अठ्ठावीस मिनिटं. आणि त्यांच्या तोंडून निघून गेलं, “मग तू गप्प बस. कोणी विचारलं तर बघू. आपण होऊन कशाला फाशीला मान द्यायची?”

वनिताबाईंनी नवऱ्याकडे एकदा पाहिलं आणि त्या स्वयंपाकघरात निघून गेल्या. ते पाहणं रावसाहेबांना झोंबलं. बापानं पोराचं भलं बघायचं नाही तर कोणी बघायचं? पण घरात बसवेना. शेवटी चपला सरकवून ते अंगणात गेले.

पलीकडे पिकल्ससाहेब वाकून पडलेली फेजोआ बादलीत गोळा करत होते. रावसाहेबांनी आडवळणानं विषय काढला. “समजा, एखाद्या माणसाची चूक झाली. कोणाला दिसली नाही. दुसऱ्यावर आळ आला. तर त्यानं काय करावं? समजा म्हणतोय हं.”

पिकल्ससाहेबांनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. बादली खाली ठेवली. कुंपणाची खिळखिळी फळी सरकवून रावसाहेबांना आत घेतलं, झाडाखालच्या बाकावर बसवलं आणि म्हणाले, “इकडे का आलो म्हणून विचारलं होतंत ना? सांगतो.”

“साल चौऱ्याऐंशी. आमच्या खोलीत फळा होता. भावाचे आकडे लांबलचक असतात, म्हणून फोनवर आम्ही शेवटचे दोनच बोलायचो. पन्नास-साठ, एवढंच. सुरुवातीचे आकडे सगळ्यांना दिसतील असे फळ्यावर. बदलले की पुसून नवे लिहायचं काम मुख्याचं. म्हणजे माझं. त्या दुपारी डॉलर उधळला होता. अडुसष्टचे एकोणसत्तर झाले. मी पाहिलं. आणि म्हटलं, आधी चहा घेऊन येतो, मग लिहितो. दोन मिनिटांचा प्रश्न.”

“अरे देवा,” रावसाहेब मराठीतच म्हणाले.

“तेवढ्यात फोन आला. कॉलिननं घेतला. एकोणीस वर्षांचा, आमच्याच बाजूचा, ग्रिम्सबीचा पोरगा. मीच निवडून आणलेला. त्यानं फळ्यावर बघून अडुसष्ट धरून भाव सांगितला. पलीकडच्यानं त्या स्वस्त भावात भरभरून डॉलर घेतले. शब्द गेला, सौदा झाला. मी चहाचा कप घेऊन आत आलो, पोराचा चेहरा पाहिला आणि माझ्या लक्षात आलं. कोणी मान वळवायच्या आत मी फळा पुसला आणि एकोणसत्तर लिहिलं.”

रावसाहेबांना आठवलं. गुपचूप खरे भाव चढवले, असंच शार्दूल मघाशी म्हणाला होता.

“कॉलिन म्हणाला, फळ्यावर अडुसष्ट होतं. सगळ्यांनी फळ्याकडे पाहिलं. फळ्यावर एकोणसत्तर होतं.” पिकल्ससाहेबांनी तळहात गुडघ्यांवर घट्ट दाबले. “त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी चहा प्यायलो. घरी बायको होती, तेव्हा ती जिवंत होती, नवं घर घेतलं होतं. म्हटलं, पोरगा लहान आहे, त्याला दुसरीकडे मिळेल. तीन वाजता त्याला घरी पाठवला. साडेचारला मी साहेबाच्या खोलीत गेलो आणि सगळं सांगितलं. दीड ते साडेचार. तीन तास.”

“पण सांगितलंत ना!”

“साहेब म्हणाला, दीड वाजता सांगितलं असतंस तर ती चूक होती. आता तिला चूक म्हणता येत नाही. मला काढलं ते बरोबरच केलं. शनिवारी मी ग्रिम्सबीला गेलो. कॉलिन आईच्या दुकानात मासे तळत होता. म्हटलं, तुला परत बोलावलंय. तो रागावला नाही. म्हणाला, ‘फळ्यावर अडुसष्टच होतं ना?’ म्हटलं, हो. तर म्हणाला, ‘बरं झालं. मला वाटायला लागलं होतं, आपले डोळेच खोटं बोलतात.’ आणि पुढच्या गिऱ्हाइकाचं पुडकं बांधायला लागला. तो काही परत आला नाही. पुढे कधीच नाही.”

झाडावरून एक फळ गवतात पडलं. पिकल्ससाहेबांनी ते उचललं नाही.

“लंडनमध्ये मला कोणी दारात उभं करेना. दुसऱ्या वर्षी ह्या देशानं आपल्या डॉलरचा बांधलेला भाव सोडला, इथल्या बँकांना शिकवणारी माणसं हवी होती, म्हणून निम्म्या पगारावर आलो. आणि आल्या दिवशी खोलीत एक नियम केला. चूक झाली की जागेवर उभं राहायचं आणि हात वर करायचा. एका मिनिटाच्या आत. जो उभा राहिला त्याला मी कधी शब्दानं दुखावलं नाही. शंभरेक पोरं शिकवली असतील. पहिला धडा तोच. सौदे मागाहून.”

रावसाहेबांनी मनगट वर केलं. पाच वाजून अडतीस मिनिटं झाली होती. अंधारून येत होतं. ते उठले, फटीतून अलीकडे आले आणि इतक्या घाईनं घरात शिरले की एक चप्पल अंगणातच राहिली.

शार्दूल अजून तसाच बसला होता.

“उभा राहा,” रावसाहेब म्हणाले.

“काय?”

“उभा राहा म्हणतो ना! आणि बॉसला फोन लाव. आत्ता. उद्या नऊला नाही, आत्ता.”

“बाबा, मघाशी तर तुम्हीच म्हणालात...”

“मघाशी मी चुकलो!” रावसाहेबांचा आवाज फाटला. “त्या पोराला आपले डोळे खोटे वाटायला लागतील रे. लाव फोन.”

शार्दूलनं सिद्धीकडे पाहिलं. तिचे डोळे भरले होते, पण तिनं मान हलवली. “लाव. जायचं झालं तर जाऊ. पॅकिंग मी करीन.” दारात वनिताबाई कणकेच्या हातानं उभ्या होत्या. शार्दूल उठून उभा राहिला आणि त्यानं उभ्यानंच फोन लावला. बोलणं चार मिनिटंही चाललं नाही. पलीकडून बॉसबाई फक्त एवढंच म्हणाल्या, “सकाळी आठला ये. नीलच्या आधी.”

ती मंगळवारची सकाळ सरता सरेना. रावसाहेब सोफ्यावर बसले, उठले, परत बसले. वनिताबाईंनी पोहे केले, ते कोणी खाल्ले नाहीत. साडेदहाला फोन आला. नीलवरचा आळ गेला होता. शार्दूलची नोकरी राहिली होती. लेखी ताकीद मिळाली होती, सहा महिने नजरेखाली ठेवणार होते, आणि सोमवारचे भाव चढवायची जबाबदारी काढून घेतली होती. पण राहिली होती. बाई म्हणाल्या होत्या, मागाहून कळलं असतं तर दोघंही गेला असतात, आधी तो न केलेल्या चुकीबद्दल आणि मग तू खोटेपणाबद्दल. वनिताबाईंनी देवापुढे साखर ठेवली आणि आडोशाला जाऊन पदरानं डोळे पुसले.

संध्याकाळी शार्दूलनं उरलेलं सांगितलं. ताकीदपत्रावर सही झाल्यावर बाईंनी विचारलं होतं, रात्रभर थांबला नाहीस, लगेच फोन करायला कोणी सांगितलं? शार्दूल म्हणाला, वडिलांनी. आणि वडिलांना शेजाऱ्यांनी, मिस्टर पिकल्स म्हणून आहेत.

“बाईंनी हातातलं पेन खाली ठेवलं, बाबा. मग म्हणाल्या, डेरेक पिकल्स? अजून आहेत? मी नोकरीला लागून तिसराच आठवडा होता, त्यांच्या खोलीत हात वर करून उभी राहिले होते.  ते म्हणाले, छान, आता बस आणि दुरुस्त कर. म्हणाल्या, ऑकलंडमध्ये आमच्या धंद्यात अजूनही चूक झाली की लोक उभे राहतात. नव्या पोरांना कळतही नाही, हे कोणापासून सुरू झालं.”

रावसाहेबांनी खिडकीतून बाहेर पाहिलं. पलीकडे ठिगळाचं स्वेटर घातलेला म्हातारा मांजराला हाका मारत होता. एका दुपारी फळा पुसलेला हा माणूस. त्यानं त्या एका दुपारच्या चुकीतून शहरभर माणसं उभी केली होती, आणि स्वतः बसच्या पासावर फिरत होता. रावसाहेबांनी तिथूनच, कोणाला दिसणार नाहीत असे, हात जोडले.

नीलनं शुक्रवारी घरी येऊन जेवण केलं, स्वानंदीशी पत्ते खेळला. शार्दूल त्याला सोडायला स्टेशनपर्यंत गेला.

सोमवारी पहाटे पाचला पलीकडे दिवा लागला. रावसाहेब हातात बरणी घेऊन गेले. वनिताबाईंनी फेजोआचं लोणचं घातलं होतं, खाली पडलेल्याच फळांचं, हे त्यांनी मुद्दाम सांगायला लावलं होतं. पिकल्ससाहेबांनी बोट बुडवून चाखलं, ठसका लागला, डोळ्यांतून पाणी आलं, तरी दुसऱ्यांदा बोट बुडवलं. शार्दूलचं सगळं ऐकून त्यांनी फक्त मान डोलावली.

रावसाहेबांच्या मनात मात्र आठवडाभर एक काटा सलत होता. चहा झाला. बातम्या झाल्या. मग ते खुर्चीतून उठले. गुडघ्यांनी कुरकूर केली, पण उठले, ताठ उभे राहिले आणि शाळेतल्या पोरासारखा उजवा हात वर केला.

“मी तुम्हाला अर्धंच सांगितलं होतं,” ते म्हणाले. “शार्दूल गप्प बसणार होता, पण गप्प बस म्हणून सांगितलं कोणी? मी. त्याच्या बापानं.”

पिकल्ससाहेबांनी कप खाली ठेवला. “किती वेळ?”

“चार अठ्ठावीस ते पाच अडतीस,” रावसाहेब म्हणाले. इथे तरी त्यांना घड्याळ बघावं लागलं नाही. “एक तास दहा मिनिटं.”

 म्हाताऱ्याचे ओठ हलत होते, मनातल्या मनात तो वजाबाकी करत होता.

“एका मिनिटाच्या नियमात आपण दोघंही बसत नाही,” शेवटी ते म्हणाले. “पण तुम्ही माझ्यापेक्षा एक तास पन्नास मिनिटं लवकर आलात, रावसाहेब. तेवढ्यात त्या पोराची नोकरी वाचली.” त्यांनी रावसाहेबांची खुर्ची पुढे सरकवली. “छान. आता बसा.”

रावसाहेब बसले. हात खाली घ्यायचा मात्र ते विसरूनच गेले होते.